मलावीतली सहा आठवड्यांची उमेदवारी

काही घरांत रद्दी साठते, आमच्या घरी किस्से साठलेत. मलावीहून परत येऊन मला वर्ष होत आलं, तरी मिल्टन कीन्सला रविवारचा धम्मवर्ग संपून चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "अनिलदादा, ते आफ्रिकेचं सांगा ना!" बायको मुकाट्यानं बिस्किटांचा डबा काढते. आता तासभर कुणी उठत नाही, हे तिला ठाऊक असतं.

तर, एका छोट्या संस्थेच्या बॅचमध्ये आम्ही तिघं मराठी होतो. मी, म्हणजे रिडंडन्सी घेतलेला आयटी मॅनेजर. रिया, मेडनहेडला जन्मलेली, चोवीस वर्षांची टीचर. आणि सुमनताई, एडिनबराच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या मिडवाइफ, वय बासष्ट. आधी सहा आठवडे ट्रेनी म्हणून खेड्यात राहायचं. पास झालात तर दोन वर्षं काम. नाहीतर परतीचं विमान, आणि तुमच्या जागी वेटिंग लिस्टवरचा दुसरा कुणीतरी.

सुमनताईंना तिथल्या नव्या सुइणींना शिकवायचं होतं. "लोक रिटायर झाले की क्रूझवर जातात, मला बाळंतपणं करायचीत!" असं त्या सगळ्यांना सांगायच्या. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्या को-ऑर्डिनेटरनं त्यांच्या वयाची धास्ती घेतली होती. तो म्हणाला, "तिथे गरम पाणी नसतं. जमेल तुम्हाला?"

ताई म्हणाल्या, "मी तीस वर्षं एडिनबराच्या जुन्या फ्लॅटमध्ये काढलीत. बॉयलर चालला ते दिवस बोटांवर मोजून दाखवते!"

त्यानं फॉर्मवर टिक केली.

*

पहिले चार आठवडे आम्ही गावातल्या हॉस्टेलवर होतो. तिथून हेल्थ सेंटर चालत बारा मिनिटं. मी फोनवर मोजली होती. पण तिकडे वाटेत भेटेल त्याची विचारपूस केल्याशिवाय पुढे जायचं नसतं. कसे आहात, झोप लागली का, घरची बरी आहेत का, आणि मग तुम्ही कसे आहात. बारा मिनिटांचा दीड तास व्हायचा!

एकदा नऊची मीटिंग होती. मी मान खाली घातली आणि कुणाकडेही न बघता झपाझप निघालो. मीटिंगला वेळेवर पोचलेला मी एकटाच.

दुपारी हॉस्टेलवर येतो तर दारात चार बायका मक्याचं पीठ घेऊन बसलेल्या. त्यातली सर्वांत म्हातारी उठली, माझा हात हातात घेतला आणि आमचा मलावीचा ट्रेनर चिसोमो याला हळूच विचारलं, "यांच्या घरचं कोण गेलं?"

*

तिकडच्या खेड्यांत भारतीय माणूस म्हणजे दुकानदार. पिढ्यानपिढ्या त्यांनी तेच पाहिलंय. सायकलवरून जाणारे एक आजोबा मला बघून थांबले. "ट्यूब आहे?"

मी छाती काढून सांगितलं, "मी हेल्थ सेंटरचे कम्प्युटर लावायला आलोय. माझं दुकान नाही."

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. "ट्यूब आली?" त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. शेवटी मी हरलो. तालुक्याच्या गावी गेलो तेव्हा एक ट्यूब आणली आणि त्यांना भेट म्हणून दिली.

आजोबांनी ती उलटसुलट पाहिली, खूश झाले आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना! आता चेन कधी येणार?"

*

रिया पक्की व्हेजिटेरियन. शाळेच्या हेडमास्तरांकडे पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी पाहुणी म्हणून तिच्या हातात पाय बांधलेली जिवंत कोंबडी ठेवली.

रिया रडकुंडीला येऊन सोबत आलेल्या सुमनताईंना म्हणाली, "मावशी, मी हा कोंबडी नाही खाऊ शकत!"

"खाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "पण परत दिलीस तर त्यांचा अपमान होईल. दोन्ही हातांनी घे आणि हस."

रियानं कोंबडी रूमवर आणली, तिचं नाव बेकी ठेवलं. तिसऱ्या दिवशी बेकीनं लॅपटॉपच्या बॅगेत अंडं घातलं. हेडमास्तरांच्या बायकोला ही बातमी कळली. ती नवऱ्याला म्हणाली, "इंग्लंडहून आलेली ही पहिली पोरगी, जिला डोकं आहे!"

*

हापशावरून पाणी आणायचं ते डोक्यावरून. साठीच्या पुढच्यांना माफी होती. सुमनताईंना माफी म्हणजे शिवी! "बाळंतिणीसाठी पाणी कोण आणणार, तुझा बाप?" असं त्यांनी चिसोमोला मराठीत सुनावलं. त्याला काही कळलं नाही, पण बादली त्यानं लगेच दिली.

पहिल्या दिवशी हॉस्टेलवर पोचलं पेलाभर पाणी आणि नखशिखांत भिजलेल्या ताई. दुसऱ्या दिवसापासून त्या हॉस्टेलच्या मागे टोपल्यात विटा घेऊन फेऱ्या मारायला लागल्या. मान आखडली, बाम लावला, पुन्हा विटा. आम्ही हसायचो, त्या मोजायच्या.

एकविसाव्या दिवशी भरलेली बादली डोक्यावर, हात मोकळे, अशा ताई अंगणात आल्या. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. तेवढ्यात ओट्यावर बसलेली शेजारची एक आजीबाई म्हणाली, "आता दुसरी आण."

*

शेवटचे दोन आठवडे एकेका कुटुंबात राहायचं होतं आणि निकाल त्या घरच्या बाईच्या हातात. "ही आमच्यात राहू शकते," असं ती म्हणाली तरच पास. सुमनताई एस्नाती नावाच्या बाईकडे राहायला गेल्या.

पहिल्याच जेवणाला घरच्यांना चटई आणि ताईंना वेगळी खुर्ची. घरचे सगळे एकाच पत्र्याच्या पेल्यातून पाणी पीत होते, ताईंना मात्र फुलाफुलांचा वेगळा कप. नंतर एस्नातीनं तो धुतला आणि वेगळ्या फळीवर ठेवला. पाहुण्याचा मान तिकडे असाच राखतात, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंही होतं. तरी ताईंच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कप बाजूला सारला, चटईवर बसल्या आणि पत्र्याच्या पेल्यानं पाणी प्यायल्या.

एस्नातीला वाटलं, कप आवडला नाही. तिनं पाद्र्याच्या बायकोकडून सोनेरी काठाचा कप मागून आणला. ताईंनी तोही सारला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती आणि दोघीही हट्टाला पेटलेल्या. दोन आठवडे हेच!

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे एस्नातीच्या अंगणात बसलो होतो. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाई कामाची आहे. पण माझ्या घरचं तिला काही चालत नाही. जाऊ दे तिला."

चिसोमोनं ते इंग्रजीत सांगितलं आणि ताईंचा चेहरा उतरला. एवढ्या बादल्या वाहूनही त्यांना असं हरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग त्या इंग्रजीत, सावकाश बोलल्या. "चिसोमो, तिला सांग. माझ्या आजीसाठी गावात वेगळा कप होता. घराबाहेर कोनाड्यात ठेवायचे. चहा वरून ओतायचे, आणि तो तिचा तिनंच धुवायचा. घरचं कुणी त्याला हात लावायचं नाही. मान म्हणून नाही, आम्ही शिवलेलं चालायचं नाही म्हणून. वेगळा कप दिसला की मला तोच दिसतो."

रियानं मला विचारलं, "काका, हे खरा आहे?" माझ्या आजोबांचाही असा कप होता आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

चिसोमोनं सगळं सांगितलं. एस्नाती उठून आत गेली आणि तो फुलाफुलांचा कप घेऊन आली. माठातलं पाणी भरलं. अर्धं स्वतः प्यायली, उरलेलं ताईंपुढे धरलं. ताईंनी ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

एस्नाती चिसोमोकडे वळली.

"आता माझ्याकडे पाहुण्यांचा कप राहिला नाही. दुसऱ्या कुणाला पाठवू नका."