पाहुण्याच्या चपला

जामखेडजवळ ज्यांच्या घरात आमचं शूटिंग चाललं होतं, ते आजोबा आल्यागेल्याच्या चपला उंबऱ्याबाहेर जोडीनं लावून ठेवायचे. बोलायचे कमी, तेही खाली बघून.

एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेवरून मी गुंडांचा सिनेमा लिहिला होता. त्यात यजमानच घरी मुक्कामाला आलेल्या आपल्या भाईचा झोपेत खून करतो. खुनाचा शॉट झाला, नट हात धुवायला धावला, तोच मागून आजोबांचा शांत आवाज आला, "हात मंग धुवा. आदी त्याच्या चपला उचला. न्हाईतर पाहुना निघून गेला, हे कोन मानंल?"

दिग्दर्शक जाम खूश झाला. मी विचारलं, "आजोबा, हे सुचलं कसं?"

"सुचाया मी काय लेखक हाय व्हय?" असं म्हणून ते वाकले आणि माझ्या चपला सरळ करू लागले.