खालच्या वाटीतला रंग

सकाळी साडेदहाला बावने कयाकमध्ये उभा राहून दोन्ही हातांनी डोलकाठी पिळत होता आणि ती फिरत नव्हती.

"भाऊ, हे फिरूनच नाही राहिली," तो म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत तं चांगली फिरत होती."

कयाक तलावाच्या काठावर दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली होती. मुंबईचे मोठे साहेब चार वाजता यायचे होते. मांडव उभा होता, लाल जाजम अंथरून झालं होतं.

मी पाटबंधारे खात्याच्या नागपूरच्या वर्कशॉपमध्ये चार्जमन होतो. चार्जमन म्हणजे फिटरच्या वरचा आणि इंजिनिअरच्या खालचा माणूस. काही बिघडलं की दोघेही त्याच्याकडे बघतात. आमचं रोजचं काम पंप आणि लोखंडी दारं दुरुस्त करायचं. पण त्या वर्षी आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरांना, कर्णिकसाहेबांना, जलक्रीडा सुचली. उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा नुकत्याच वर येत होत्या, आणि सगळ्याच खात्यांना काहीतरी उभं करून दाखवायची घाई होती. साहेबांनी एका परदेशी मासिकातलं चित्र दिलं. आमच्या सुतारांनी त्यावरून चौदा फुटांची कयाक बांधली. एका माणसाची, निमुळती, शीड लावलेली. ती चालवणारा बावने तिला शेवटपर्यंत डोंगाच म्हणायचा.

तिच्या डोलकाठीची बेअरिंगं मी केली होती. बेअरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सायकलीतल्या गोळ्या येतात. इथे गोळ्या नव्हत्या. बोटीच्या वरच्या फळीत नायलॉनचं एक कडं, आणि तळाशी, काठीचं बूड टेकतं तिथे, गनमेटलची, म्हणजे एक प्रकारच्या काशाची, वाटी. काठी कड्यातून खाली उतरते, वाटीत उभी राहते आणि दोन्हींच्या आधारानं फिरते. एवढंच.

ती फिरायला का हवी, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या बोटीचं शीड काठीवर मोज्यासारखं चढवलेलं असतं. वारा वाढला की दोरी सैल सोडायची. काठी फिरते, शीड वाऱ्याच्या बाजूला वळतं आणि रिकामं होतं. आणखी वाढला तर काठी हातानं पिळायची, म्हणजे शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. काठी अडकली तर यातलं काहीच होत नाही. एवढ्या अरुंद बोटीला मग उलटायला फार वेळ लागत नाही.

म्हणून मी बावनेला देखभाल शिकवली होती. रोज साध्या पाण्यानं धुवायचं. फडक्यानं कोरडं करायचं. ग्रीस नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि धूळ कडं खाते. थोडं मेण चोळायचं. आणि कडं नि काठी यांच्यामध्ये एक पोस्टकार्ड चारही बाजूंनी सरकलं पाहिजे. नायलॉन पाणी पितं, फुगतं, त्यासाठी तेवढी जागा लागते. बावने पोस्टकार्ड टोपीच्या घडीत ठेवायचा. त्याच्यावर कुणाचं तरी पत्र होतं, त्याला ते वाचता येत नव्हतं, पण मापाला ते उत्तम होतं.

मी पोस्टकार्ड मागितलं. ते कुठूनच जाईना. मग मी वाकून पाहिलं. कड्याच्या आतल्या बाजूला चंदेरी रंग होता.

पेंटर मांडवाच्या खांबापाशी बिडी ओढत बसला होता.

"ये अंदर किसने लगाया?"

"हमनेच लगाया. साब बोले, जो दिखता है सब मारो."

"अंदर का दिखता है क्या?"

"डंडा निकालके मारा ना," तो अभिमानानं म्हणाला. "नीचे का कटोरा भी. दो हाथ."

आपल्याकडे मोठा माणूस येणार म्हटलं की रंग लागतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला होता. काठावरच्या दगडांना आळीपाळीनं लाल आणि पांढरा. ज्या वस्तूला जागचं हलायचं नव्हतं ती रंगली, तसंच जिला हलायचं होतं तीही रंगली. पेंटरची काही चूक नव्हती. त्यानं काम मनापासून केलं होतं. ओल्या रंगावरच काठी परत उभी केली, उन्हात तो वाळला, आणि काठी वाटीत डिंकानं चिकटवल्यासारखी बसली.

मी कर्णिकसाहेबांकडे गेलो. ते हारांची संख्या बघत होते.

"सर, डोलकाठी उपसावी लागेल. बेअरिंगमध्ये रंग गेलाय."

"किती वेळ?"

"वरचं कडं तासाभरात करतो. खालची वाटी तळातून खोलून, साफ करून परत बसवायला संध्याकाळ होईल."

"मग मोठ्या साहेबांच्या हातात टॉर्च देऊ का?"

"आज बोट काठावरच दाखवू, सर. पाण्यात नको."

"वासनिक, जलक्रीडा काठावर?" साहेब हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याच माणसाचं नुकसान होईल. बावनेची फाइल मी मांडवात घेऊन आलोय. त्यांनी बोट चालताना पाहिली की सही तिथंच. नाहीतर पुढच्या वर्षी ती फाइल कुठल्या कपाटात असेल, मलाही माहीत नाही."

हे खरं होतं. बावने रोजंदारीवर होता. सहा वर्षं. नाविक अशी एक कायम जागा मंजूर झाली होती आणि ती त्याला मिळावी म्हणून मीच चार वेळा लिहिलं होतं. तो धिवर. याच तलावात त्याचा बाप जाळं टाकायचा. कायम झाला तर सरकारी क्वार्टर मिळणार होतं, आणि ते त्याला हवंच होतं, कारण त्याची झोपडी दर पावसाळ्यात पाण्यात जायची. त्यानं बायकोला सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज सही होते.

मी परत आलो आणि ब्लेड, कापड, रॉकेल घेऊन बसलो. वरचं कडं स्वच्छ केलं. पोस्टकार्ड चारही बाजूंनी फिरलं. मग आम्ही दोघांनी काठीला पट्टा गुंडाळून जोर लावला. खाली कट्ट असा आवाज झाला आणि काठी सुटली. मी ती पाच वेळा फिरवली. जरा खरखरत होती, पण फिरत होती.

"खालचं पाहा लागन का गा भाऊ?" बावनेनं विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते.

कर्णिकसाहेब आले. "चालेल ना?"

बावने माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "चालेल."

आता जे सांगतो ते मला तेव्हाही माहीत होतं. काठी मी उभी, मोकळी फिरवून पाहिली होती. तिच्यावर वारा नव्हता. वारा शिडाला ढकलतो तेव्हा काठी तिरपी रेटली जाते आणि तिचं बूड वाटीच्या कडेवर दाबलं जातं. तिथे सुटलेल्या रंगाचे पापुद्रे होते. पापुद्रे मोकळे असतात तेव्हा खरखरतात. दाबले की पाचर होतात.

मोठे साहेब पावणेपाचला आले. भाषणं झाली. विदर्भाला समुद्र नसला तरी समुद्राची जिद्द आहे, असं एक वक्ते म्हणाले. तोवर पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं होतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे संध्याकाळी असा वारा सुटतो. बावनेनं आभाळाकडे पाहिलं, मग मांडवातल्या टेबलावरच्या फाइलीकडे, आणि तो बोटीत बसला.

पहिली दहा मिनिटं कयाक सुंदर चालली. मोठे साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." मग झाडं एकदम वाकली. मी बघत होतो, बावनेनं दोरी सोडली. दोरी पाण्यावर लोंबली, पण शीड वळलं नाही. ते तसंच भरलेलं राहिलं. तो पुढे सरकला आणि दोन्ही हातांनी काठी पिळू लागला. मांडवातल्या लोकांना ती कसरत वाटली. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच बोट उलटली.

बावने धिवर होता, तो बुडणार नव्हता. उलट्या बोटीला धरून राहिला. तलावात जाळं टाकणाऱ्या दोघांनी त्याला काठावर आणलं. मोठे साहेब तोवर गाडीत बसले होते. फाइल हारांच्या परडीसकट जीपमध्ये गेली.

मी बावनेचे हात पाहिले. दोन्ही तळहातांची कातडी निघाली होती आणि उघड्या मांसात चंदेरी रंग बसला होता. मी रॉकेलचं कापड पुढे केलं आणि मागे घेतलं. ते तिथे लावण्यासारखं नव्हतं.

आठवड्यानं चौकशी झाली. कर्णिकसाहेबांनी माझा टेक्निकल रिपोर्ट मागितला. मी लिहिलं: खालच्या बेअरिंगमध्ये रंग, भाराखाली चाचणी घेतली नाही, चाचणी घेणारा मी. रिपोर्ट परत आला.

"रंगकामाचा आदेश कार्यालयाचा होता," साहेब म्हणाले. "तेव्हा रंग हे कारण कसं होईल? अचानक वारा, असं लिहा."

"वारा अचानक नव्हता, सर. भाषणं लांबली होती."

"वासनिक, तुमची स्वतःची चूक स्वतः लिहून देण्यात काय शहाणपण आहे?"

मी बदल केला नाही. त्यांनी रिपोर्टला दोष दिला नाही, फक्त तो 'तांत्रिक बाब, स्वतंत्र' असा शेरा मारून दुसऱ्या फाइलीत लावला. चौकशीचा निष्कर्ष एका ओळीचा होता: नाविकाने शीड वेळेत आवरले नाही. हे वाक्य खरं आहे. त्यानं आवरलं नव्हतंच. बावनेचे हात कुणी बघायला मागितले नाहीत. त्याला रोजंदारीवरूनही काढलं आणि जागा रद्द झाली, कारण बोटच मोडीत काढली होती.

मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसून पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून विणत होता. हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे सुई बोटांच्या टोकांनी चालवत होता.

"बावने, मी पुन्हा लिहितो. वरपर्यंत लिहितो."

"कायले लिहिता, भाऊ."

"तू आभाळ पाहिलं होतंस. मग काहून बसला?"

त्यानं एक गाठ आवळली. मग म्हणाला, "तुम्ही म्हणले होते ना, चालते. तुम्ही म्हणले नसते तं मी नसतो बसलो." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी वरपर्यंत लिहिलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे.

त्यानंतर मी एकवीस वर्षं नोकरी केली. माझ्या हाताखालच्या फिटरांना मी बेअरिंगबद्दल एकच गोष्ट शिकवली: रिकामं फिरतं ते फिरणं नव्हे, भार टाकून बघा. आणि कुठलाही साहेब घाईत "चालेल ना?" म्हणाला, की मी त्याला विचारत असे, "सर, आत कोण बसणार आहे?" या प्रश्नामुळे माझी दोन प्रमोशनं हुकली असावीत. तो प्रश्न मी एक दिवस उशिरा विचारायला लागलो.