तिसऱ्या उद्गाराची तयारी

देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे विद्युल्लता साळवे लहानपणापासून ऐकत आली होती. पण विसाव्याचा दिवस कोणता, हे भिवंडीत लूमवाले, म्हणजे यंत्रमागांचे मालक, ठरवतात आणि त्यांनी शुक्रवार ठरवलाय. धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या ऑफिसात ती बारा वर्षं कापडाच्या ताक्यांची चलानं करते. रविवारी चर्चला मंडळीत पहिलं गीत सुरू होतं, तेव्हा ती लूमच्या खडखडाटात ताक्यांवर नंबर घालत असते. उपासना चुकते ती चुकते, वर मंडळीतल्या बायकांचा टोमणा ठरलेला, "आमची विद्युल्लता म्हणजे गुड फ्रायडेची ख्रिस्ती. वर्षातून एकदा उगवते."

टोमणा खोटा नव्हता, म्हणून जास्त झोंबायचा. कधीकधी तिला स्वतःलाच शंका यायची, की आपल्यात विश्वास म्हणून काही उरलाय की नुसता गळ्यातला क्रूस.

त्यामुळे यंदा पाळकसाहेबांनी फोन करून तिसरा उद्गार तिला दिला, तेव्हा तिला रडूच फुटलं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरून प्रभू येशू सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक जण दहा मिनिटं बोलतो. तिसरा उद्गार म्हणजे येशूने आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली केलं, तो. इतक्या वर्षांत तिला कुणी साधी प्रार्थनासुद्धा करायला सांगितली नव्हती. ही दहा मिनिटं तिला नीट बोलायचं होतं. बायकांची तोंडं बंद करायला हवीच होती, पण त्याहून जास्त, आपल्या आत अजून काही शिल्लक आहे का, ते तिला एकदाचं बघायचं होतं.

तयारीला उपवासकाळाचे चाळीस दिवस होते. चाळीस! पहाटे पाण्याचे हंडे भरले की पवित्र शास्त्र उघडायचं, असं तिने ठरवलं, आणि त्याच आठवड्यात पाण्याची वेळ बदलली. शेअर रिक्षात विचार करू म्हटलं, तर शेजारचा माणूस फोनवर बायकोशी भांडत होता आणि भांडण ऐकण्यासारखं होतं. घरी डोळे मिटून बसावं, तर सासूबाईंची हाक, "विद्ये, माझी गोळी कुठं हाय गं?" गोळी त्यांच्या उशाशीच असायची. सासूबाई म्हणजे गोदूबाई, गेल्या वर्षी दिघाशी गावातलं घर सोडून मुलाकडे आलेल्या. गुडघे गेलेले, धरल्याशिवाय उठणं नाही. हा मुलगा म्हणजे तिचा नवरा धनेश, हायवेवरच्या गोडाऊनला कामाला, आणि गोडाऊनला ना शुक्रवार ना रविवार. विद्युल्लताने त्याच्यापुढे रड गायली की तो म्हणायचा, "बोलशील गं तू, तुला काय!" आणि कूस बदलून घोरायला लागायचा. मुलगी अदिती चौथीत. तिचा डबा, तिचा गृहपाठ, तिच्या हरवलेल्या रबराचा शोध. चाळीस दिवसांनी कागदावर दोन शब्द होते, "प्रिय मंडळी".

गुड फ्रायडे उजाडला. निदान सकाळ तरी आपली, असं म्हणून ती कागद घेऊन बसली आणि शेठचा फोन आला.

"मॅडम, आज तो छुट्टी है ना? बस एक घंटा आ जाओ. गाडी लोड करनी है."

"शेठ, आज हमारा गुड फ्रायडे है. चर्च जाना है."

"चर्च बारा बजे है ना? अभी तो नौ बजे हैं."

शेठला चर्चची वेळसुद्धा ठाऊक होती, याचा तिला अधिकच संताप आला. ती गेली. शेठच्या एका तासाचे दोन तास झाले. साडेअकराला धावतपळत घरी आली, तर शेजारणीबरोबर अदिती पुढे गेलेली, आणि गोदूबाई खाटेवर अर्धवट नेसलेली पांढरी साडी धरून बसलेल्या.

"मला बी यायचंय. मला काय घरी ठिवून जाशील आज?"

त्यांना साडी नेसव, चपला घाल, स्पेशल रिक्षा शोध, तिच्यात त्यांना चढव. पोचेपर्यंत दुसरा उद्गार संपून गीत चालू होतं. सासूबाईंना कडेच्या खुर्चीवर टेकवलं, तेवढ्यात पाळकसाहेबांनी नाव पुकारलं.

ती घामाघूम उभी राहिली. कागद घरीच राहिला होता, आणि त्यावर होतं तरी काय?

"प्रिय मंडळी," ती म्हणाली. कागदावरचे शब्द तिथेच संपले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारच्या बाईकडे पाहून ओठ मुडपले, आणि विद्युल्लताचं डोकं फिरलं.

"माझी तयारी नाही. चाळीस दिवस होते, तरी नाही. प्रभूच्या हातापायांत खिळे होते आणि तेव्हासुद्धा त्याला आईची सोय लावावी लागली. याच्यावर सगळे किती गोड बोलतात! मला आज गोड वाटत नाही. मला राग येतो. मरतानासुद्धा घरचं काम सुटलं नाही त्याचं. पण त्याने सांगितल्यावर आईला घरी न्यायला एक माणूस तरी पुढे आला. आमच्या घरांतून कोण येतं पुढे? सांगा ना, कोण येतं?"

दहातली दोन मिनिटंही झाली नव्हती. ती आमेन न म्हणताच येऊन बसली. शरमेने तिचे कान तापले होते.

गीत सुरू झालं, तशी गोदूबाईंनी तिच्या पदराला हिसका दिला. "विद्ये, मोरीवर न्हे. धीर न्हाय निघत."

तिने डोळे मिटले, उघडले आणि त्यांना धरून मागच्या बाजूला नेलं. बाहेर येताना गोदूबाई दारातच थांबल्या.

"मला बोललीस ना मघाशी?"

"तुम्हाला नाही, आई." मग तिला खोटं बोलवेना. "तुम्हालाही."

"खरं हाय तुजं. माज्या सासूनं बी मला कदी सुखानं प्रार्थनेला बसू दिलं न्हाय. जा तू आत. मी येते भिंतीला धरून."

विद्युल्लताने खाली पाहिलं. फरशी ओली होती. मनातल्या मनात तिने फरशीला, शेठला आणि धनेशला शिव्या घातल्या, आणि सासूबाईंचा दंड धरला.

आत चौथा उद्गार सुरू झाला होता. देवानेच आपल्याला टाकलं म्हणून येशूने देवापुढेच फोडलेला टाहो. पाळकसाहेबांचा आवाज खिडकीतून स्पष्ट येत होता. म्हातारीला धरून ती तिथेच, मोरीच्या दारात, शेवटच्या शब्दापर्यंत उभी राहिली, आणि मग मघाशी राहून गेलेलं आमेन इतक्या जोरात म्हणाली की आतली माणसं खिडकीकडे बघायला लागली.