मोगरा आणि हिपहॉप

बोळिंजच्या बाजारात गजरे विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही. ओळख वाढली की घासाघीस करता येत नाही. लग्नाच्या सजावटीचा धंदा मी एकट्याने उभा केला आणि सांगितलेला भाव कधी कोणाला दिला नाही, त्यांच्याशिवाय. तो राग अजून गेलेला नाही.

साठीच्या असतील. मोगरा घरच्या वाडीतला, मांडीवर टोपली, शेजारी फोन आणि त्यावर कायम हिपहॉप. बोटं त्याच तालावर चालायची.

"हा पोरगा नुसत्या स्वतःच्या गाड्या सांगतो, पण गाठी झटझट पडतात," त्या फोनकडे मान उडवत म्हणायच्या. "तो दुसरा चाळीतला. अख्खा अल्बम खरा बोलतो, पण ऐकताना कळी हातातच राहते."

एकदा वरात दारात यायची वेळ झाली होती आणि मला शंभर गजरे हवे होते. चाळीस झाल्यावर, आपण किती मोठी लग्नं करतो ते ऐकवत, मी भाव पाडायला गेलो. त्यांनी शांतपणे अल्बम बदलला. प्रेमभंग झालेला कोणी कण्हत बोलू लागला आणि त्यांची बोटंही रेंगाळली.

"मावशी, तो गाड्यावाला लावा ना!" मी ओरडलो.

"त्याचा भाव मघाशीच सांगितला, शेठ."

मी कबूल झालो. गाड्यावाला परत आला आणि उरलेले साठ गजरे भराभर झाले.

पिशवी हातात देताना त्या म्हणाल्या, "बढाया फार मारतो, पण अडीनडीला बरा."

बोलताना त्यांची नजर माझ्यावर होती.