सिस्टरबाय आणि नवऱ्याची चिठ्ठी

बाईच्या हातात झाडू दिसला की सिस्टरबायचा पारा चढायचा. दांडी गावाजवळ त्यांनी बायकांच्या मौनसाधनेसाठी घर उघडलं आणि आम्हा पाच जणींना घेऊन ख्रिस्ती सिस्टर्सचा नवा धर्मसंघ सुरू केला. साधनेला आलेल्या कोळणी पहिल्याच पहाटे सवयीनं उठून अंगण झाडायला लागल्या. सिस्टरबायनी एकेकीच्या हातातून झाडू काढून घेतला. "घरी काय कमी झाडतेस? इथं गप बस." साधनेचे तीन दिवस त्यांची ताटंसुद्धा आम्ही सिस्टर्स घासायचो.

पहिला दिवस बाया नुसत्या झोपायच्या. ही कसली साधना, म्हणून मी कुरकुरले. त्या म्हणाल्या, "झोपू दे. दमलेल्या बाईला देव उठवत नाय." प्रार्थनेच्या बाबतीत मात्र त्या कडक. पाठ केलेलं म्हणू लागलं की थांबवायच्या. "ते पुस्तकातलं त्याला पाठ हाय. तुझं सांग."

साधनेहून परतलेल्या बाया घरी उलट बोलतात, अशी तक्रार वर बिशपांकडे गेली. संघाला मान्यता हवी होती आणि मान्यता देणाऱ्यांनी अट घातली: लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याची चिठ्ठी आणावी. "मग नवऱ्यालाच बोलवा साधनेला," सिस्टरबाय म्हणाल्या. आम्ही पाचही जणींनी अट मान्य केली. मान्यतेशिवाय उद्या आपल्याला कोण विचारणार, ही भीती होती. सिस्टरबाय नावापुरत्या संस्थापिका उरल्या आणि कचेरीची खुर्ची मला मिळाली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

मग सालवडहून एक बाई आली, कारखान्यात डबे भरणारी. रजा मोठ्या मिनतवारीनं मिळवलेली, चिठ्ठी नव्हती. "तो सही नाय करत, सिस्टर." मी तिला परत पाठवलं. ओट्यावरून सिस्टरबाय बघत होत्या. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. आत जाऊन पिशवी भरली. "घर ठेवा तुमी. मी तिच्यासंगं चालले." पुढे सालवडच्या चाळीत खोली घेऊन त्यांनी बिनचिठ्ठीच्या बायांची साधना सुरू केली.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मला जाऊन माफी मागायची होती. मी वर रीतसर परवानगी मागितली. "मान्यतेचा सोहळा होऊ दे, मग बघू," असं उत्तर आलं. रिक्षानं अर्ध्या तासाची वाट, पण मी थांबले.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सिस्टरबाय गेल्या. सोहळ्यात त्यांच्यासाठी आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. मग मी पाहुण्यांचे आभार मानले.