भर उन्हातली वीज

परवा टिळकवाडीत शेजाऱ्यांनी वाळलेलं गवत पेटवलं आणि त्या वासानं मी मनानं बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या आमच्या खळ्यावर पोचले. तिथं बॉम्ब पडला होता हे नातवाला सांगितलं, तर म्हणतो, "आजी, बेळगावात बॉम्ब पडल्याची कुठंच नोंद नाही." कशी असेल? नोंद करणारा साहेबच खोटारडा होता!

युद्धाचे दिवस होते. भर दुपारी सरकारचं विमान घरघरत आलं, काहीतरी टाकून गेलं आणि आमची गवताची गंजी भडकली. शेजारी बांधलेली म्हैस जागीच मेली. सरकारी साहेबानं येऊन सांगितलं, वीज पडली. आभाळात ढगाचं नाव नव्हतं, तरी गावानं मान डोलावली. वर ठरवलं, वीज पडली म्हणजे देव कोपला, यांच्या घरात काहीतरी पाप असणार, त्या जागी नारळ फोडा. माझे वडील, आप्पा, मुकाट्यानं नारळ घेऊन आले.

आई सगळ्यांसमोर कडाडली, "इमान सरकारचं आन् नारळ आमी फोडायचा व्हय? देव न्हाय, मी कोपलीया!"

तिनं तो नारळ घरात नेऊन फोडला आणि पाट्यावर त्याची चटणी वाटली. आप्पांनी ती भाकरीबरोबर दोनदा मागून खाल्ली.