बाईंनी अक्काला विचारलं होतं

तुम्हाला सांगते आहे, आणि तुम्हीच पहिले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो जाईपर्यंत नाही. मुलीला नाही. देवासमोर बसून आयुष्यात पुष्कळ काही बोलले असेन, पण हे नाही. तिथंसुद्धा ऐनवेळी भलतंच काही पुटपुटून उठत आले.

आणि बघा ना, सांगायला बसले की आधी तो उन्हाळाच समोर येतो आणि मी हरखून जाते. अजून! या वयात! असं व्हावं का? ज्या दिवसांची लाज वाटायला हवी, त्यांच्या आठवणीनं अंगावर असा आनंदाचा काटा यावा?

मी नुकती मॅट्रिक झाले होते. पन्नासच्या दशकातली अखेरची वर्षं. मालवणच्या वर, आचऱ्याच्या वाटेवर आमचं घर. वडील, तात्या, शाळामास्तर. त्या वर्षी मुंबईच्या विद्यापीठातून एक बाई आमच्या किनाऱ्यावर उतरल्या. कुरियनबाई. केरळातल्या, सडपातळ, डोक्यावर पुरुषांसारखी टोपी. सुरूच्या झाडांखाली त्यांनी दोन तंबू ठोकले. खडकांत राहणारे समुद्रातले जीव गोळा करून त्यांचा अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी उन्हाळ्यापुरती गावातली माणसं नेमायची होती. शक्यतो बायका हव्यात, असं त्यांनी तात्यांना सांगितलं. बायका! रोजावर! विद्यापीठाच्या कामाला! आमच्या वाडीत दुसरा विषय नव्हता.

बाईंना मराठी येत नव्हतं. इंग्रजी बोलायच्या, आणि आमच्या बायकांना ते कुठून कळणार? तात्यांनी मला पुढं केलं. माझं इंग्रजी पुस्तकातलं, अडखळणारं, पण बाईंना चाललं. पहिली नेमणूक माझी झाली. दुभाषी! घरी येताना मी पळतच आले. तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणत होते.

निवडीच्या दिवशी तंबूसमोर ही गर्दी. बाईंनी परीक्षाच ठेवली होती. पाण्यानं भरलेल्या घमेल्यात एक खेकडा सोडलेला. प्रत्येकीनं थोडा वेळ त्याच्याकडे बघायचं, मग पाठ फिरवून तो कसा होता ते सांगायचं. मासे विकणारी भागीरथी गाबतीण पुढं आली, घमेल्यात डोकावली आणि म्हणाली, "कुर्लेक बघूचे पैशे देतत? आणि खावची नाय?" मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाई टोपी काढून हसल्या. भागीरथीला घेतलं.

मी तुम्हाला एक सांगते. त्या दिवशी मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. कुणी चाचरलं तर चाचरणंसुद्धा पोचवलं. केवढा अभिमान वाटत होता मला त्याचा!

रांगेच्या शेवटी अक्का उभी होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुशीला. वेंगुर्ल्याकडे दिली होती. सासरच्यांनी वर्षभरात परत पाठवली. कारण कुणी सांगितलं नाही आणि तात्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून ती मागच्या पडवीत असायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं नाही, आणि आलं तरी ती जायची नाही. त्या दिवशी ती कशी आली? मीच ओढून आणली होती. हेही सांगायला हवं. मीच आणली.

तिनं घमेल्यात बघितलं. पाठ फिरवली. मी म्हटलं, "सांग गो." तिला बोलता येईना. इतकी माणसं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मग ती खाली बसली आणि बोटानं वाळूत चित्र काढायला लागली. कुर्लीचे पाय, नांग्या, पाठीवरचे ठिपके, एक पाय तुटका होता तोसुद्धा. बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. थेट अक्काच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येताना अक्का माझा हात सोडत नव्हती. "माका घेतल्यानी," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. मला तिच्याइतकाच आनंद झाला होता. खरंच झाला होता. तो खोटा नव्हता, एवढं मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून कामाची शिकवणी. बाईंनी सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट दिले, कारण कालवांच्या धारदार कडांनी पाय फाटतात. आमच्या बायकांनी जन्मात बूट घातले नव्हते. अर्ध्या जणींनी ते भिजू नयेत म्हणून डोक्यावर घेतले आणि अनवाणीच पाण्यात शिरल्या! बाई ओरडताहेत इंग्रजीत, मी ओरडते आहे मालवणीत, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. बाईंचे नियम मी सांगायची: दगड उलटलात तर परत होता तसाच ठेवा, त्याच्या पोटाशी राहणारे जीव उन्हानं मरतात. सापडलेल्या जागेचं नाव पेन्सिलीनं लिहा, शाई फुटते. आणि पाणी फिरलं, भरती सुरू झाली की मी शिट्टी वाजवीन, तेव्हा हातातलं टाकून बाहेर. शिट्टी माझ्या गळ्यात! भल्या मोठ्या बायका माझ्या शिट्टीवर धावायच्या. सांगा, कुणाला असा उन्हाळा मिळाला असेल?

ओहोटीला समुद्र मागं सरायचा आणि खडकांमधली डबकी उघडी पडायची. फुलासारखे उघडमीट करणारे प्राणी. काटेरी गोळे. एक बिनशंखाची नागवी गोगलगाय, केशरी, काठाला जांभळी किनार, जणू कुणी पैठणीचा तुकडा पाण्यात टाकलाय. मी लहानपणापासून त्याच खडकांवर वाढले, आणि बघितलं कधी नव्हतं. घरी जाऊन जेवायची शुद्ध नसायची.

पण हे जीव बाटलीत, औषधाच्या पाण्यात घातले की काही दिवसांत रंग जायचा. सगळे पांढुरके. म्हणून जिवंत असतानाच त्यांचं चित्र काढून ठेवायला लागायचं. ते काम अक्काकडे आलं. बाईंनी तिला रंगांची पेटी दिली, भिंग दिलं, तंबूच्या सावलीत स्टूल दिलं. अक्का सकाळी केस विंचरून निघायला लागली. चालताना गुणगुणायला लागली. तिचं चित्र पुरं झालं की बाई ते उन्हात धरायच्या आणि बघत राहायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासन्‌तास शेजारी शेजारी बसायच्या. काही सांगायचं तर बाई बोट दाखवायच्या. अक्काला कळायचं.

मग मी कशाला होते?

हा प्रश्न माझ्या मनात केव्हा आला ते आठवत नाही. पण आला, आणि मग रोज यायला लागला. बांद्याच्या एका दुकानदाराच्या घरून मला बघायला येणार होते, तेही त्याच सुमारास ठरलं. हे मी का सांगते आहे? कारण म्हणून नाही. तसं समजू नका. त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय काय होतं, तेवढंच सांगते.

पावसाआधीची शेवटची बोट जवळ आली. मुंबईची बोट एकदा बंद झाली की दिवाळीच्या आसपासच पुन्हा दिसायची. तंबूतलं सामान बांधायला सुरुवात झाली होती. अक्का तिच्या स्टुलावर, त्या केशरी गोगलगायीचं चित्र रंगवत होती. बाईंनी मला हाक मारली. आवाज असा, की काहीतरी मोठं आहे हे मला आधीच कळलं.

बाई म्हणाल्या, "हिला विचार, मुंबईला येशील का? आमच्या विभागात चित्रं काढायला कायमचं माणूस हवं आहे. राहायची सोय मी करीन. वडिलांशी मी स्वतः बोलेन."

मी अक्काकडे वळले. तिनं मान वर केली. गालाला केशरी रंग लागला होता.

मी विचारलं, "अक्का, बाई इचारतत, उनात बसान तुझा डोक्या दुखता काय?"

अक्का हसली. मान हलवली, जोरात, दोनदा. "नाय गो! माका काय एक होवक नाय. बरा वाटता माका हंय. सांग तेंका."

मी बाईंकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ती नाही म्हणते. घर सोडून यायचं नाही म्हणते."

बाईंनी अक्काकडे बघितलं. ती अजून हसतच होती. "नक्की?" त्यांनी मला विचारलं.

"नक्की."

झालं. एवढंच. इतकं सोपं असतं ते. मला नेतील असं तेव्हा मनात होतं का? होतं. कसं नाही म्हणू? मग बाई म्हणाल्या की नोंदी ठेवायला, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायलाही कुणीतरी लागेल. तू येतेस का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं.

तात्या तयार नव्हते. त्यांना तयार कुणी केलं? अक्कानं. मागच्या पडवीतून पुढं येऊन, तात्यांसमोर उभी राहून म्हणाली, "जावंदे तिका. शिकलेल्या चेडवाक घरात ठेवन काय करतलात?" तात्यांशी इतकं बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बाईंच्या कामात आलेलं ते धैर्य, आणि ते तिनं माझ्यासाठी खर्च केलं. माझे ब्लाउज तिनं शिवले. बोट बंदराबाहेर उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं. अक्का गुडघाभर पाण्यात येऊन हात हलवत होती. आणि मी? मी खुशीत होते. काहीही खुपत नव्हतं. सगळी मुंबई माझी होती.

ती झालीही. विद्यापीठात नोकरी केली, त्याच विभागात, निवृत्त होईपर्यंत. लग्न माझ्या मनासारखं झालं. अक्काची चित्रं बाईंनी भिंतीवर लावली होती. मी रोज त्यांच्याखाली बसून काम केलं. बसवत होतं मला. सवय होते.

माझ्या मुलीच्या बारशाला अक्का मुंबईला आली. एकदाच आली ती. कुरियनबाईही आल्या, केस पांढरे झालेल्या, आणि एव्हाना छान मराठी बोलणाऱ्या. तो धोका माझ्या ध्यानातच आला नव्हता. अक्काला बघून त्या लहान मुलीसारख्या उठल्या, तिचे दोन्ही हात धरले. मी लाडवांचं ताट घेऊन उभी.

"सुशीला," बाई म्हणाल्या, "तू तेव्हा मुंबईला यायला नाही म्हणालीस. मला फार वाईट वाटलं होतं. अजून वाटतं. का नाही आलीस?"

माझ्याकडे अक्कानं बघितलं नाही. बाईंच्या हातातल्या आपल्या हातांकडे बघत राहिली.

"आवशीक बरा नव्हता ओ तेव्हा," ती म्हणाली. "तिका टाकून कसा येवचा?"

आमची आई त्या उन्हाळ्यात ठणठणीत होती. विहिरीचं पाणी ओढत होती.

मग अक्का माझ्याकडे वळली, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बाईंका लाडू वाढ गो." मी वाढला.

त्यानंतर ती आठवडाभर राहिली. बाळाला न्हाऊमाखू घातलं, माझं डोकं चोळून दिलं, गाणी म्हटली. मी रोज वाट बघत होते, आज विचारील, आता विचारील. तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. एसटीत बसताना खिडकीतून म्हणाली, बाळाचे कान जप, वाऱ्यात नेऊ नकोस.

पुढं ती पुष्कळ वर्षं होती. मी दर मे महिन्यात जायची. मागच्या पडवीत आम्ही दोघी शेजारी झोपायचो, गप्पा मारायचो, हसायचोसुद्धा. सांगायला वेळ नव्हता असं एकदाही झालं नाही. आता ती नाही.